भाड्याचे घर, हक्काचे गाव

मराठी मध्यमवर्गाच्या मनात ‘भाड्याचे घर’ या शब्दांना एक प्रकारची अस्थिरता कायमची चिकटलेली आहे. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण त्या अस्थिरतेतूनच रूढ झाली. अकरा महिन्यांचा करार, दर वर्षी दलालाचे उंबरठे, भिंतीला खिळा ठोकण्यापूर्वी घरमालकाची परवानगी आणि मुलांची शाळा बदलण्याची टांगती तलवार अशा स्थितीत राहणारा बिऱ्हाडकरू वस्तीत राहतो. पण वस्तीचा होत नाही. स्वतःचे घर झाल्याशिवाय माणूस स्थिरावला असे आपला समाज मानत नाही, आणि त्यात समाजाची काही चूक आहे असेही म्हणता येत नाही. अनुभवच तसा आहे.

गेल्या दोन-अडीच दशकांत हाच अनुभव गाठीशी बांधून अनेक मराठी अभियंते आणि संगणकतज्ज्ञ नेदरलँड्सला गेले. आम्स्टेलवेन, आइंडहोवेन, द हेग या शहरांत त्यांची कुटुंबे आज नांदत आहेत. तेथे पोहोचल्यावर नोकरीच्या खालोखाल पहिला प्रश्न उभा राहतो तो घराचा. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असते: शहराच्या कडेची शांत वस्ती, विटांची दुमजली बुटकी घरे, कंबरेइतक्या उंचीचे हिरवे कुंपण, मधोमध चौक, सायकलवरून शाळेत जाणारी मुले. वस्ती शहरात असूनही रूप मात्र खेड्याचे. ती शांतता पाहून ही श्रीमंतांची वसाहत असावी असा समज सहज होतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. यांतील कित्येक वस्त्या शंभर वर्षांपूर्वी मजुरांसाठी बांधल्या गेल्या, भाड्याने देण्यासाठीच बांधल्या गेल्या, आणि त्यांतील बहुसंख्य घरे पिढ्यानपिढ्या भाड्यानेच राहिली. भाडेकरूंच्या वस्तीला गावपण कसे लाभले, आणि आज त्याच गावाचे दार नवागतासाठी बंद का होत चालले आहे, हे दोन्ही प्रश्न मुळातून समजून घेण्यासारखे आहेत.

काँक्रीटचे गाव

आम्स्टरडॅमच्या पूर्व भागातील ‘बेटोनडॉर्प’ हे याचे बोलके उदाहरण. नावाचा शब्दशः अर्थ ‘काँक्रीटचे गाव’. ज्या वाटरग्राफ्समेअर भागात ते वसले आहे, तो मुळात सरोवराचा तळ होता. १६२९ मध्ये पाणी उपसून ती जमीन कोरडी करण्यात आली. आजही ती समुद्रसपाटीच्या कित्येक मीटर खाली आहे. १९२१ मध्ये हा भाग आम्स्टरडॅम नगरपालिकेत सामील झाला. पहिल्या महायुद्धानंतरचा तो काळ. विटा महाग, गवंडी मिळेनासे, आणि शहरातील मजूर कुटुंबे मात्र अंधाऱ्या, ओलसर खोल्यांत दाटीवाटीने राहणारी. नगरपालिकेच्या गृहनिर्माण खात्याचे प्रमुख आरी केप्लर यांनी मार्ग काढला. काँक्रीटच्या निरनिराळ्या बांधकामपद्धतींची परीक्षाच घ्यायची, आणि ती प्रयोगशाळेत न घेता प्रत्यक्ष घरे बांधून घ्यायची. १९२३ ते १९२५ या काळात ही वस्ती उभी राहिली. त्यातील शेकडो घरे काँक्रीटची आणि उरलेली विटांची.

घरे लहान होती. परंतु घरांना अंगण होते. मध्यभागी ‘ब्रिंक’ नावाचा चौक राखला गेला. जुन्या डच खेड्यांत गुरे गोळा करण्याच्या सामायिक हिरव्या पटांगणाला हे नाव होते. त्या चौकात ग्रंथालय आणि सभागृह बांधले गेले. दारूच्या गुत्त्याला मात्र जाणीवपूर्वक जागा दिली नाही. रस्त्यांना नांगर, पेरणी, सुगी, शेत यांवरून नावे देण्यात आली. गिरणी-गोदीतील मजुराला गावाचा विसर पडू नये, ही त्यामागील दृष्टी. १९४७ मध्ये जन्मलेला योहान क्रॉइफ हा विख्यात फुटबॉलपटू याच वस्तीतला. त्याच्या वडिलांचे भाजीचे दुकान येथलेच, आणि हाकेच्या अंतरावर अयाक्स संघाचे तत्कालीन मैदान. जगाला खेळ शिकवणारा हा मुलगा लहानाचा मोठा झाला तो मजुरांसाठी बांधलेल्या भाड्याच्या घरांमधील गल्ल्यांत.

शहराच्या पोटात गाव वसविण्याची ही कल्पना मूळची इंग्लंडमधील एबेनेझर हॉवर्ड यांची. १८९८ मध्ये त्यांनी उद्यान-नगरीचा विचार मांडला. डच लोकांनी त्याला आपल्या मातीचा आकार दिला आणि ‘टाउंडॉर्प’, म्हणजे बागेचे गाव, हा शब्द रूढ केला. आइंडहोवेनमध्ये फिलिप्स कंपनीने १९१० पासून आपल्या कामगारांसाठी अशीच वस्ती उभारली. रॉटरडॅमच्या दक्षिणेस फ्रेवाइक वसले. आम्स्टरडॅमच्या उत्तर भागात तर अशा अनेक वस्त्या आहेत.

१९०१ चा कायदा

सत्कार्याला केवळ सदिच्छा पुरत नाही. तिला व्यवस्थेचे पाठबळ लागते. ते पाठबळ दिले १९०१ च्या गृहनिर्माण कायद्याने. या कायद्याने नगरपालिकांना बांधकामाचे नियम करणे बंधनकारक केले. राहण्यास अयोग्य घरांविरुद्ध कारवाईचा अधिकार दिला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, केवळ गृहनिर्माणाच्या हेतूने काम करणाऱ्या, नफा न वाटणाऱ्या संस्थांना सरकारी कर्ज मिळण्याची सोय केली. कामगार संघटना, चर्चची मंडळे, सहकारी गट या सर्वांनी अशा संस्था काढल्या. कॅथॉलिकांच्या वेगळ्या, प्रोटेस्टंटांच्या वेगळ्या, समाजवाद्यांच्या वेगळ्या. पण बांधले सर्वांनी. आम्स्टरडॅममध्ये फ्लोर विबाउट यांच्यासारखा नगर-प्रशासक लाभल्यामुळे या कामाला मोठी गती मिळाली.

सरकारने पैसा आणि नियम द्यावेत, घरे मात्र समाजाने संघटित होऊन बांधावीत, ही या रचनेची खरी शक्ती होती. त्या बीजाचा वृक्ष आजही उभा आहे. नेदरलँड्समध्ये अशा संस्थांच्या मालकीची सुमारे २३ लाख घरे आहेत. म्हणजे देशातील चार घरांमागे एकाहून अधिक. एवढे मोठे प्रमाण युरोपातील फारच थोड्या देशांत आढळते.

भाडेकरूचे स्थैर्य

वस्तीला गावपण येते ते तेथे दीर्घकाळ राहणाऱ्या माणसांमुळे. डच कायद्याने भाडेकरूला हे दीर्घकालत्व दिले. घर विकले गेले म्हणून भाडेकरार मोडत नाही, हे तेथील कायद्याचे जुने सूत्र. नवा मालक आला तरी भाडेकरू तोच राहतो. न्यायाधीशाच्या निर्णयावाचून त्याला बाहेर काढता येत नाही. भाडे किती असावे यासाठी गुणपद्धती आहे. घराचे क्षेत्रफळ, ऊर्जेची बचत, स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या सोयी, करासाठी ठरविलेले मूल्य यांना गुण दिले जातात आणि त्या बेरजेवर भाड्याची कमाल मर्यादा ठरते. वाद झाल्यास स्वतंत्र भाडे आयोग आहे. करार झाल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत भाडेकरू त्याच्याकडे सुरुवातीच्या भाड्याची तपासणी मागू शकतो.

येथे मुंबईची आठवण अपरिहार्य ठरते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानेही भाडेकरूला संरक्षण दिले. परंतु भाडी गोठली, मालकाला दुरुस्ती परवडेना आणि अनेक जुन्या इमारती जर्जर झाल्या. डच पद्धतीत भाड्याला मर्यादा आहे. पण ते ठरावीक प्रमाणात दर वर्षी वाढते आणि त्याबरोबर दुरुस्तीचे उत्तरदायित्वही मालकावर राहते. बेटोनडॉर्पची काँक्रीटची घरे कालांतराने खराब झाली, तेव्हा १९८० च्या दशकात त्यांची मोठी दुरुस्ती करण्यात आली. भाडेकरूला संरक्षण आणि वास्तूला देखभाल, ही दोन चाके बरोबर फिरली तरच गाडा चालतो.

स्थैर्याचा परिणाम वस्तीच्या रूपावर दिसतो. अनेक डच घरे रिकामी, अगदी ‘उघडी’ भाड्याने मिळतात. भिंती असतात, पण जमिनीवर फरशी किंवा लाकडी पट्ट्या नसतात, पडदे नसतात, दिवेही नसतात. नवागत भारतीय कुटुंब ते पाहून चक्रावून जाते. परंतु त्यामागे एक विचार आहे. जो पंधरा-वीस वर्षे राहणार, तो आपल्या आवडीची जमीन घालील, अंगणात गुलाब लावील, कुंपण छाटील. दोन वर्षांत जाणाऱ्याला हे कशासाठी सुचावे?

जेथे चूक झाली

दुर्दैवाने ज्यांनी हे घडविले, त्यांनाच त्याचे मोल पुरते कळले असे म्हणता येत नाही. १९९५ मध्ये सरकारने गृहसंस्थांची देणी आणि त्यांचे अनुदान यांचा एकदाच हिशेब करून त्यांना आर्थिकदृष्ट्या मोकळे सोडले. काही संस्थांनी त्या मोकळिकीचा उपयोग घरे बांधण्यासाठी केला, काहींना मात्र बाजाराचा मोह आवरला नाही. द हेग भागातील फेस्टिया ही त्या काळातील सर्वांत मोठी गृहसंस्था. व्याजदरांवरील सट्टेबाजीच्या करारांत ती अडकली आणि २०१२ मध्ये सुमारे दोन अब्ज युरोंचे नुकसान पदरी पडले. ते निस्तरण्याचा भार इतर संस्थांवर, म्हणजेच अखेरीस सामान्य भाडेकरूंवर पडला. २०१० मध्ये गृहनिर्माणाचे स्वतंत्र मंत्रालयच बंद करण्यात आले. जणू घरांचा प्रश्न सुटला! २०१३ पासून गृहसंस्थांवर खास कर लादला गेला. तो रद्द झाला २०२३ मध्ये. त्या दहा वर्षांत जो पैसा नव्या घरांत जायचा, तो तिजोरीत गेला.

युरोपीय संघाच्या स्पर्धाविषयक नियमांमुळे २०११ पासून गृहसंस्थांची बहुतेक घरे केवळ अल्प उत्पन्न गटाला देण्याचे बंधन आले. त्यामुळे शिक्षक, परिचारिका, पोलीस शिपाई असा मधला वर्ग कात्रीत सापडला. स्वस्त घरासाठी त्यांचे उत्पन्न अधिक ठरू लागले आणि विकत घेण्यासाठी अपुरे. एकेकाळी ज्या वस्तीत गोदी कामगार आणि शाळामास्तर शेजारी राहत, तेथे उत्पन्नाची भिंत उभी राहिली. पुढे २०१६ मध्ये दोन वर्षांच्या तात्पुरत्या करारांना मुभा देण्यात आली. घरे लवकर रिकामी होतील आणि गरजूंना मिळतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक शहरांत दर दोन वर्षांनी शेजारी बदलू लागला. कोणाचे नाव लक्षात ठेवावे आणि कोणासाठी केक भाजावा?

अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये आम्स्टरडॅमच्या रस्त्यांवर हजारो लोक घरासाठी उतरले. सरकारला दिशा बदलावी लागली. २०२३ मध्ये घरमालकांच्या सद्वर्तनाचा कायदा आला. भाडेकरू निवडताना भेदभाव करण्यास मनाई झाली, करार लेखी हवा असे ठरले आणि अनामत रक्कम मूळ भाड्याच्या दोन महिन्यांपुरती मर्यादित झाली. १ जुलै २०२४ पासून कायमस्वरूपी करार पुन्हा सर्वसाधारण नियम झाला आणि मध्यम भाड्याची घरेही गुणपद्धतीखाली आली. त्याच वर्षी गृहनिर्माणाचे मंत्रालयही पुन्हा स्थापन झाले. मोडायला २०१० मध्ये फार वेळ लागला नव्हता. जोडायला मात्र पिढी जाणार आहे.

दाराबाहेरचे

कारण नियमांनी घर वाटता येते, नियमांनी घर बांधता येत नाही. २०२४ च्या अंदाजानुसार देशात सुमारे चार लाख घरांची तूट होती. आम्स्टरडॅममध्ये गृहसंस्थेच्या घरासाठी सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ नाव नोंदवून ठेवावे लागते. मध्यम भाड्यावर मर्यादा येताच अनेक खासगी मालकांनी घर रिकामे झाल्याबरोबर ते विकून टाकणे पसंत केले. त्यामुळे आत असलेल्याचे संरक्षण वाढले आणि बाहेरच्याची वाट अधिक अरुंद झाली. अर्थात म्हणून संरक्षणच नको असा निष्कर्ष काढणे हे रोगाऐवजी औषधालाच दोष देण्यासारखे होईल. संरक्षणाबरोबर बांधकामही हवे, हे १९०१ च्या पिढीला ठाऊक होते. नंतरच्या पिढीने त्यातील अर्धेच लक्षात ठेवले.

दार बंद झाले की पहिला संशय परक्यावर येतो, हाही तेथील इतिहास आहे. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाले. त्याच्या आगेमागे तेथून मोठ्या संख्येने लोक नेदरलँड्सला आले. त्यांत १८७३ पासून ‘लाला रूख’ व नंतरच्या जहाजांतून सुरिनामला नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशजही होते. १९७४ मध्ये आम्स्टरडॅमच्या बाइल्मर भागातील ग्लिपहूवे या इमारतीत सदनिका रिकाम्या पडून होत्या; तरी सुरिनामी कुटुंबांना त्या मिळेनात. शेवटी त्या कुटुंबांनी त्यांचा ताबा घेतला. रॉटरडॅमच्या नगरपरिषदेने १९७२ मध्ये एका वस्तीत परकीयांचे प्रमाण पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा ठराव केला होता. तो १९७४ मध्ये वरिष्ठ पातळीवर रद्द झाला. हिंदुस्तानी समाजाने पुढच्या काळात द हेगमध्ये आणि शेजारच्या झूटरमेअरमध्ये कष्टाने घरे केली, मंदिरे उभारली, मुले शिकविली आणि ते त्या समाजाचा घटक झाले. मात्र प्रारंभीची ती बंद दारे इतिहासातून पुसता येणार नाहीत.

आज अशीच कुजबुज परदेशी तंत्रज्ञांविषयी ऐकू येते. हे लोक जादा भाडे देतात, दोन-तीन वर्षांत निघून जातात आणि आमच्या मुलांना आमच्याच गावात घर उरत नाही, ही स्थानिकांची तक्रार निखालस द्वेषाची म्हणून झटकून टाकता येणार नाही. ज्या रस्त्यावर आजोबा-पणजोबा राहिले, तेथे नातवाला खोली मिळू नये, याचे दुःख कोणत्याही समाजाला कळले पाहिजे. मराठी माणसाला तर विशेषच. त्याच वेळी हेही खरे की तूट निर्माण केली ती धोरणाने. नोकरीसाठी आलेल्या माणसावर तिचे खापर फोडणे न्याय्य नाही.

शेजारधर्म

मग अशा वस्तीत बिऱ्हाड करू पाहणाऱ्या कुटुंबाने काय करावे? पहिले म्हणजे आपला हक्क जाणून घ्यावा. तेथे दीर्घकाळ राहणाऱ्याला राहत्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करावीच लागते. म्हणून ‘येथे नोंदणी करता येणार नाही’ असे सांगणाऱ्या मालकाचे घर कितीही देखणे असले तरी सोडून द्यावे. मध्यस्थ मालकाच्या वतीने काम करीत असेल तर त्याने भाडेकरूकडून दलाली घेणे बेकायदा आहे. घर पाहण्याआधी पैसे मागणारा बहुधा लबाड असतो. मुंबई-पुण्यात मालकापुढे नमते घेण्याची जी सवय अंगवळणी पडते, ती तेथे नेण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हक्क कायदा देतो. गावपण कायदा देत नाही. नेदरलँड्सच्या पूर्वेकडील ट्वेंटे व आख्टरहूक या प्रदेशांत ‘नोबरस्खाप’ नावाची जुनी परंपरा आहे. तिला शेजारधर्म याहून नेमका मराठी शब्द नाही. लग्न ठरले की शेजारी येऊन दारावर हिरवी कमान बांधतात. घरात मृत्यू झाला की पुढची व्यवस्था जवळचा शेजारी पाहतो. नव्याने राहायला आलेले कुटुंब शेजाऱ्यांना बोलावून त्या वर्तुळात प्रवेश करते. शहरी वस्त्यांत हे सारे उरलेले नाही. पण त्याची सावली आहे. नवागताने आपणहून शेजाऱ्याची घंटा वाजवून ओळख करून द्यावी, घरी समारंभ असेल तर आधी चिठ्ठी टाकावी, रविवारी भिंतीला छिद्रे पाडू नयेत, कुंपण वाढू देऊ नये, एवढी अपेक्षा आजही असते. २००६ पासून सप्टेंबरच्या चौथ्या शनिवारी ‘शेजारदिन’ साजरा होतो. गल्लीत मेजे मांडली जातात आणि प्रत्येक घरातून काही ना काही येते.

मराठी कुटुंबाला यात परके वाटावे असे काय आहे? संक्रांतीला वाण, दिवाळीला फराळाचे ताट शेजारच्या घरी जाण्याची रीत ज्यांच्या रक्तात आहे, त्यांनी ते ताट डच शेजाऱ्याच्या दारी नेण्यास संकोच का करावा? होते ते उलटच. आपल्या मंडळींचे सण आपल्या मंडळींतच, दूरच्या सभागृहात साजरे होतात आणि पलीकडच्या घरातील वृद्धा आजारी आहे हे महिन्याने कळते. उत्सवातील आपलेपणा जपावाच. पण त्याला उंबरठ्याबाहेरची एक पायरी हवी. चांगला शेजारी दूरच्या मित्रापेक्षा बरा, असे डच लोक म्हणतात. हे शहाणपण महाराष्ट्रातील कोणत्याही वाड्यातील आजीने शिकविले असते.

शांतता ही वस्तू भाड्याने मिळत नाही. तिच्यासाठी कुणीतरी आधी कष्ट केलेले असतात. सरोवराचा तळ उपसणारे, मजुरासाठी कर्ज मंजूर करणारे, काँक्रीटच्या भिंती दुरुस्त करणारे आणि रोज सकाळी अंगणाबाहेरचा दोन हात रस्ता झाडणारे अशा अनेकांच्या श्रमाचे ते फलित आहे. त्या वस्तीत दोन वर्षे राहायचे असो वा वीस, आलेल्याने त्या श्रमात आपला वाटा उचलला पाहिजे. करारावर सही केल्याने घराची किल्ली हाती येते. गावाची किल्ली मात्र शेजाऱ्यांच्या हाती असते, आणि ती मागून मिळत नाही. वागणुकीने मिळवावी लागते.